बाबांचा जुना हातविणीचा स्वेटर जसाच्या तसा परत विणायचाय, लोकर कुठली घेऊ?

उलटसुलट
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. आजीने बाबांसाठी विणलेला एक स्वेटर आहे, बाबा कॉलेजात असतानाचा, म्हणजे पस्तीसेक वर्षं तरी झाली असतील. बंद गळा, पूर्ण बाह्या, पुढे चार केबल्स (वेणीसारखे पीळ). रंग कॉफीसारखा, थोडा विटकरीकडे झुकणारा. यंदा कपाट आवरताना काढला तर समोरच्या बाजूला दोन आणि कोपराशी एक अशी कसर लागलेली भोकं. बाबा काही बोलले नाहीत पण घडी करून परत ठेवताना चेहरा बघवत नव्हता.

तर मला तसाच्या तसा नवा विणायचाय. मला सुलट-उलट येतं, टोप्या मफलर भरपूर केलेत, मोठ्या माणसाचा स्वेटर एकच आणि तोही भावाला आखूड झाला. पॅटर्न कुठेही लिहिलेला नाही, आजी नाही आता. आजीच्या सुया मात्र आहेत, राखाडी धातूच्या, डोक्यावर ८ आणि १० असे आकडे. बाबा म्हणतात "प्युअर वूल होती, आताची ती प्लास्टिकची लोकर नको". कुठली घेऊ? सुरुवात कुठून करू?

फुकटचा_सल्ला
जुनाच उसवून परत विण की, लोकर ओरिजिनल, खर्च शून्य. घ्या, सुटला प्रश्न.

गुंतागुंत
@फुकटचा_सल्ला नावाला जागलात 😄 कसर लागलेल्या स्वेटरमधला धागा अखंड राहतो का हो? भोक एक दिसतं पण तिथे चार-पाच ओळींचे धागे तुटलेले असतात, उसवायला घेतलंत की हातात हातभर लांबीचे तुकडे येतात आणि मग नुसत्या गाठी मारत बसा. शिवाय जिथे भोक दिसत नाही तिथेही अळीने अर्धवट खाल्लेला असतो, तो विणताना तुटतो. अनुभवाचे बोल आहेत.

उलटसुलट, आधी तो स्वेटर बाकीच्या लोकरीच्या कपड्यांपासून वेगळा कर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे टाक. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. तुझी नवी लोकर घरात यायच्या आधी हे व्हायला हवं.

दहा_नंबरची_सुई
छान धागा. लोकरीचं नंतर बघू, आधी जुना स्वेटर नीट वाच. घाई करू नकोस. सपाट पृष्ठभागावर न ताणता पसर आणि मोजून लिही: छाती, लांबी, बगलेपासून खालपर्यंत, बाहीची लांबी, मनगट, गळा. मग जिथे साधी वीण आहे (पाठीवर असेल) तिथे पट्टी ठेवून १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी ते मोज, तीन वेगवेगळ्या जागी. कोपर आणि बगल सोडून, तिथे ताणलेलं असतं. केबलला किती टाके, दर कितव्या ओळीला पीळ पडलाय, दोन केबल्सच्या मध्ये किती. आणि पूर्ण स्वेटर वजन करून बघ.

आणि ८-१० नंबरच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या असणार. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, तारेच्या गेजवरून आलेली पद्धत आहे ती. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन. आजीने रिब (काठाची ताणणारी पट्टी) दहावर आणि अंग आठवर केलं असणार.

लोकरवेडा
वाचतोय. अंदाजाने लोकर घेऊ नका, आधी धागा बघा. कडेच्या शिवणीतून थोडा धागा काढता येईल, शिवण परत घालता येते, विणीला धक्का लागत नाही. त्या धाग्याचं टोक पिळाच्या उलट दिशेने फिरवलं की पदर सुटे होतात, ते मोजा. मग एकेक पदर ओढून बघा आत केस कसे आहेत, सगळे एका दिशेने विंचरल्यासारखे की अस्ताव्यस्त.

एक छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पण बघा (सिंकवर, पाणी जवळ ठेवून). लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की स्वतःच विझते आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी राहतो.

उलटसुलट
बापरे किती पटापट प्रतिसाद, धन्यवाद सगळ्यांना. फ्रीजरमध्ये ठेवलाय, आता दोन आठवडे हात लावता येणार नाही. तोवर राहवेना म्हणून प्रॅक्टिसला आठ नंबरच्या सुया ऑनलाइन मागवल्या (आजीच्या वापरायचा धीर होत नाही, एक जरा वाकलीय पण). घरातल्या साध्या डीके (मध्यम जाडीच्या) लोकरीवर नमुना केला तर १० सेंमीत १८च टाके येतायत आणि वीण जाळीसारखी. लोकरीच्या पट्टीवर २२ लिहिलंय. माझा हात इतका सैल आहे का??

दहा_नंबरची_सुई
सुईवर मिमी किती लिहिलंय बघ आधी.

उलटसुलट
५.० 🤦‍♀️

दहा_नंबरची_सुई
अमेरिकन आठ आली तुझ्याकडे. त्यांचा नंबर उलटा चालतो, वाढला की सुई जाड. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी, आपल्याला हवी ती ४ मिमी म्हणजे त्यांची ६. पुढे कधीही सुई घेताना नंबर विसर, मिमी बघ. ती टाकून देऊ नकोस, कधीतरी लागेल.

गुंतागुंत
केबल्सवरून आठवलं, आयर्लंडजवळच्या अरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची केबलची वेगळी वीण असायची, कोळी समुद्रात बुडाला तर स्वेटरवरून कुठल्या घरचा ते ओळखायचे. अंगावर काटा आला होता वाचून.

लोकरवेडा
ताई, ही गोष्ट सगळीकडे फिरते पण घराण्यांच्या विणीला काही आधार नाही. मूळ बहुतेक आयरिश नाटककार जे. एम. सिंग (Synge) यांच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' नाटकात सापडतं. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ते मोज्यावरून, स्वेटरवरून नाही, आणि घराण्याच्या डिझाईनवरूनही नाही. तो मोजा तिने स्वतः विणलेला असतो, किती टाके घातले आणि त्यातले किती सोडले हे तिला पाठ असतं. मला तर ही मूळ गोष्टच जास्त पटते, विणणाऱ्याला आपली मोजणी आठवतेच.

गुंतागुंत
अरे वा, हे माहीत नव्हतं. आणि खरंय, मी मुलाच्या पहिल्या स्वेटरला ७२ टाके घातलेले आजही सांगू शकते, त्याचा वाढदिवस विसरेन एखादवेळी.

रफू
विषयांतर थांबवतो जरा. मला एक कळत नाही, तीन भोकांसाठी अख्खा स्वेटर नवा का? तीन भोकं म्हणजे दोन संध्याकाळचं काम. टाके उचलून, सुईने विणीसारखीच वीण घालून बंद करता येतं, समोरून शोधावं लागेल. कॉपी केली तरी तो स्वेटर आजीचा थोडाच होणार?

उलटसुलट
@रफू बरोबर आहे तुमचं, आणि जुना टाकणार नाहीच आहे. पण बाबा आता तो घालायला घाबरतात, अजून फाटेल म्हणून. मला त्यांच्या अंगावर बघायचाय. दुरुस्ती पण करू, मला शिकवा.

रफू
मग ठीक. फोटो टाक भोकांचे, कडा कापू नकोस फक्त, आहेत तशा राहू दे.

उलटसुलट
अपडेट! फ्रीजरमधून बाहेर आला आणि दोन दिवस हेच चाललंय घरात, जेवण बाजूला. सांगते, जरा मोठं आहे.

छाती सपाट ५० सेंमी, म्हणजे घेर १००. पाठीवर साध्या विणीत २२ टाके २८ ओळी. केबल सहा टाक्यांची, दर आठव्या ओळीला पीळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट. वजन ५४० ग्रॅम.

मग कडेची शिवण थोडी उसवली आणि मी ओरडलेच. आत जिथे दोन भाग एकत्र शिवलेत, तिथे जो काठ आत दुमडलेला असतो ना, तो वाईन रंगाचा आहे! गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा. म्हणजे अख्खा स्वेटर मुळात वाईन होता आणि उडत उडत कॉफी झालाय. आम्ही भावंडांनी तर कॉफीच बघितलाय कायम.

दुसरी गंमत, शरीरातला धागा जाळला तर केसांचा वास, चुरा होणारी राख, लोकरच. पण मनगटाच्या रिबचं एक सुटं टोक होतं ते जाळलं तर वितळलं आणि कडक मणी झाला. मनगटं अ‍ॅक्रिलिकची आहेत! रंग मात्र बाकी स्वेटरशी इतका जुळतो की कधी शंकाच आली नाही.

लोकरवेडा
मस्त! म्हणजे मनगटं नंतर कधीतरी परत विणलेली. आणि बघा, ती उडालेल्या रंगाशी जुळतात, म्हणजे स्वेटर कॉफी झाल्यावरच केलीयत. ज्याने केली त्याने रंग नीट शोधून आणलाय.

दहा_नंबरची_सुई
बाहीवरच्या सुलट टाक्यांकडे बघ ना, स्वेटर घातल्यावर जसा दिसतो तसा धरून. टाक्याचा व्ही सरळ आहे की उलटा, टोक वर?

उलटसुलट
थांबा बघते... अंगाला सरळ व्ही आहे, बाहीला उलटा. टोक वर.

दहा_नंबरची_सुई
मग आजीने बाही खांद्याकडे टाके उचलून खाली विणत आणलीय, मनगटाशी बंद केलीय. ब्रिटिश किनाऱ्यावरचे कोळ्यांचे गर्न्सी स्वेटर असेच करतात. मनगट आणि कोपर आधी झिजतात, खालून उसवायचं आणि तेवढंच परत विणायचं, खांद्याला हात लावावा लागत नाही. खालून वर विणलेली बाही असती तर हे इतकं सोपं नसतं. नवीन पण तसाच कर.

उलटसुलट
बाबांना शिवण दाखवली. आधी म्हणाले "छे, रंग हाच होता". मग चष्मा लावून बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणे हो हो, वाईन होता, कॉलेजात मुलं "लाल दिवा आला" म्हणायची, मी आठवडाभर घातलाच नाही, आई रागावली होती. मी विचारलं मग नवा वाईन करू का ओरिजिनल? तर म्हणाले "अजिबात नको, कॉफी व्हायला त्याला इतकी वर्षं लागली".

आणि मनगटं आत्याने केली असणार म्हणाले.

फुकटचा_सल्ला
लाल दिवा 😂😂 काकांना साष्टांग.

मग ओरिजिनल म्हणायचं कशाला? वाईन, कॉफी, की अर्धी प्लास्टिकची मनगटं? तिन्ही ओरिजिनलच की.

लोकरवेडा
@फुकटचा_सल्ला पहिल्यांदाच कामाचं बोललात.

रंग कॉफी ठरला असेल तर रंगवलेली लोकर कशाला शोधायची, काही जातींच्या मेंढ्यांची लोकर मुळातच तपकिरी असते. शेटलंड मेंढीत मूरिट नावाचा रंग आहे, लालसर तपकिरी, तुमच्या वर्णनाशी जुळतोय. ब्लूफेस्ड लेस्टर जातीच्या मेंढीतही न रंगवलेली तपकिरी मिळते. पण आधी सांगा पदर किती निघाले आणि केस कसे होते?

उलटसुलट
चार पदर. केस लांब, सगळे एका दिशेने, गुळगुळीत, जरा चमक पण आहे आतल्या वाईनवाल्या भागाला. आणि शिवणीतून निघालेल्या धाग्याला वाफ देऊन सरळ केला, १२० सेंमी भरला, सोनं तोलायचा छोटा काटा आहे त्यावर ०.५ ग्रॅम.

लोकरवेडा
सोन्यासारखी माहिती दिलीत, काटाही तसलाच. १२० सेंमीला अर्धा ग्रॅम म्हणजे ग्रॅमला २४० सेंमी, ५० ग्रॅमच्या गोळ्यात १२० मीटर, चोख डीके. ५४० ग्रॅमचे साधारण १३०० मीटर. लोकर घेताना ग्रॅम नाही मीटर बघायचे, कारण तेवढ्याच वजनात कुठल्या लोकरीत १०५ मीटर येतात कुठल्यात १५०.

आता केसांबद्दल. जुनी लोकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केसाळ रांगडी लोकर येते, पण तुमची तशी नाहीये. केस एका दिशेने म्हणजे विंचरून कातलेली, वर्स्टेड पद्धत. धागा घट्ट, गुळगुळीत, केबल उठून दिसते, गोळे कमी येतात. दुसरी वूलन पद्धत, त्यात केस अस्ताव्यस्त राहतात, मध्ये हवा अडकते, हलकी आणि उबदार पण वीण जरा धूसर दिसते. शेटलंडची बरीचशी लोकर या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून मी मघाशी मूरिट म्हणालो ते जरा मागे घेतो. दोन्हीचे नमुने करून बघा, केबलसकट.

आणि एक, पट्टीवर सुपरवॉश लिहिलेली घेऊ नका. लोकरीच्या केसावर खवले असतात, गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. सुपरवॉशमध्ये क्लोरीनने त्या खवल्यांच्या कडा झिजवतात आणि वर पॉलिमरचा पातळ लेप देतात. मशीनमध्ये धुता येतं हे खरं, पण धागा घसरडा होतो आणि मोठा जड स्वेटर धुतला की लोंबतो.

गुंतागुंत
+१, सुपरवॉश नकोच. माझा एक स्वेटर पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंत आला होता, आता नातीला ड्रेस म्हणून चालतो.

उलटसुलट
दोन नमुने केले, १५-१५ सेंमीचे, मध्ये एक केबल. आधी कोरडे मोजले, मग कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवले, टॉवेलात गुंडाळून दाबले, सपाट वाळवले आणि परत मोजले. शेटलंड मूरिट रंगाला अगदीच जवळ, पण धुतल्यावर फुलून आली आणि केबल जणू रजईखाली झोपली. ब्लूफेस्ड लेस्टर रंगाला किंचित गडद, पण केबल अशी टणक उभी की बोट फिरवलं तर जुन्यासारखीच लागते. डोळे मिटून बाबांच्या हातात दोन्ही दिले, त्यांनी दुसरा उचलला. २२ टाके पण बरोब्बर आले, ४ मिमीवर.

गोळ्यात ११५ मीटर आहेत. १३०० भागिले ११५, सव्वाअकराच्या आसपास. बारा घेऊ?

दहा_नंबरची_सुई
तेरा घे. नमुने, उसवाउसवी, आणि पुढे मनगटं परत विणायला एक गोळा कपाटात राहू दे. सगळे एकाच लॉटचे बघ. न रंगवलेली असली तरी मेंढी बदलली की छटा बदलते, त्यामुळे दोन गोळे घेऊन दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणलंस तर पट्टे दिसणार नाहीत.

टाक्यांचा हिशोब: ५० सेंमीला २२च्या मापाने ११०, शिवणीला दोन, झाले ११२. ते चारच्या पटीत आहेत, म्हणजे दोन सुलट दोन उलट रिब बसते. पण केबल कापड आत ओढते, प्रत्येक केबलला दोन टाके जास्त धर, चार केबल्सचे आठ. रिबच्या शेवटच्या ओळीत हे आठ वाढवायचे म्हणजे १२०. पाठीला केबल नाहीत तर तिथे ११२वरच राहा. भावाचा स्वेटर आखूड का झाला ते आता कळलं असेल, ओळी नमुन्यावर मोजल्या नव्हत्यास ना?

उलटसुलट
नव्हत्या 🙈 पट्टीवर लिहिलंय तेवढ्या धरल्या होत्या.

रफू
मध्येच विचारतो, भोकांचं काय झालं?

उलटसुलट
दोन बुजवली, तिसरं कोपराचं राहिलंय. शिवणीतून निघालेला वाईन धागा वापरला, दुसरा जुळणारा नव्हताच. त्यामुळे समोर दोन ठिकाणी डाळिंबाच्या दाण्याएवढे लाल ठिपके आहेत. बाबा म्हणाले लाल दिवा परत लागला.

रफू
वा. कोपराचंही त्यानेच कर.

उलटसुलट
बऱ्याच दिवसांनी येतेय. पाठ झाली, पुढचा भाग झाला (एकदा तिसऱ्या केबलला दहाव्या ओळीला पीळ घातला, सोळा ओळी उसवल्या, रडले, परत विणल्या). खांदे जोडले, बाह्या उचलून खाली आणल्या, आजीसारख्याच. गळ्याला जुन्यावर मोजून ११२ टाके उचलले, आतून-बाहेरून दोनदा मोजले, रिब पण दहा नंबरच्या मापाच्या सुईवर केली. आणि काल सगळं संपवून बाबांना घालायला दिला तर गळा डोक्यातून जाईना. कपाळावर अडकला. जुन्याचा तर सर्रकन जातो. टाके तेवढेच आहेत मग असं का, उसवून १२४ घेऊ का?

गुंतागुंत
अगं उसवू नकोस, जुना पस्तीस वर्षं ताणून सैल झालाय, नवा पण होईल.

दहा_नंबरची_सुई
तेवढा वेळ काकांनी कपाळावर घालून बसायचं का? उलटसुलट, गळा दोन्ही हातांनी ताणून बघ, रिब ताणते आणि अगदी वरची कडा तेवढी दोरीसारखी टणक राहते का?

उलटसुलट
हो!! अगदी तसंच. खालची रिब मस्त ताणतेय.

दहा_नंबरची_सुई
मग टाके बरोबर आहेत, शेवटी बंद करताना घट्ट केलेस. रिबला हात लावू नकोस, फक्त शेवटची बंद केलेली ओळ उसव, टाके परत सुईवर घे आणि जाड सुईने बंद कर. रिब सव्वातीनवर आहे ना, बंद करायला ५ मिमी घे, सुलटला सुलट उलटला उलट विणत.

फुकटचा_सल्ला
५ मिमी कुठून आणणार आता ती.

उलटसुलट
आहे ना घरात! चुकून आलेली अमेरिकन आठ 😄 बसतेच लगेच.

उलटसुलट
गेला डोक्यातून. बाबा आरशासमोर आहेत, बाह्या मनगटावर दुमडतायत, जुन्याच्या दुमडतात तशाच. फोटो उद्या टाकते, आत्ता काढू देत नाहीयेत.